बॅटमॅन कोण करतो आणि बॅटमॅन काय करतो

मंडळी, बॅटमॅनच्या चाहत्यांत दोन वाद कायम चालू असतात. पहिला, अमुक नट बॅटमॅन म्हणून शोभतो का? दुसरा, बॅटमॅनने माणूस मारावा का? आरडाओरडा पहिल्यावर जास्त होतो. माझं म्हणणं आहे की पहिला वाद आपण आता सोडून द्यावा आणि दुसरा जिवाच्या कराराने लढावा, कारण त्या व्यक्तिरेखेचा सगळा जीव तिथे आहे.

पहिल्याचा निकाल झटपट लावू. १९८८ साली दिग्दर्शक टिम बर्टनने मायकेल कीटनला बॅटमॅन म्हणून घेतलं, तेव्हा लोक त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखत होते. वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रं गेली, असं सांगतात. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’सारख्या वर्तमानपत्राने या नाराजीची दखल घेतली. मायकेल उस्लान हा लहानपणापासूनचा कट्टर चाहता. त्याने १९७९ साली भागीदारीत चित्रपटाचे हक्क विकत घेतले आणि पुढची दहा वर्षं स्टुडिओंचे उंबरे झिजवले. कीटनचं नाव ऐकून त्यालाही धक्का बसला होता. १९८९ साली चित्रपट आला, तुफान चालला, आणि आज त्याच कीटनचं नाव पुढे करून लोक नंतरच्या नटांना नापास करतात. हीथ लेजर बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर करणार म्हटल्यावर नाकं मुरडली गेली. पुढे त्याला त्याच भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं. २०१३ साली बेन अ‍ॅफ्लेकविरुद्ध ऑनलाइन याचिका निघाल्या. २०१६ चा तो चित्रपट ज्यांना मुळीच आवडला नाही, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी अ‍ॅफ्लेकला मात्र दाद दिली. रॉबर्ट पॅटिन्सनच्या वेळी हेच सगळं पुन्हा झालं.

हे असं का होतं? कॉमिकच्या चौकटीतला माणूस बोलत नाही. त्याचा आवाज वाचणाऱ्याने आपल्या मनातून दिलेला असतो. त्यामुळे पडद्यावर कुणीही आला तरी पहिल्या दिवशी तो परकाच वाटणार. हे स्वाभाविक आहे, पण त्याला समीक्षा म्हणता येणार नाही.

आता दुसरा वाद. यात दोन्ही बाजूंचे लोक एकच हत्यार उपसतात, ते म्हणजे ‘मूळ कॉमिक’. मग मूळच उघडून बघू या. १९३९ च्या मे महिन्याचा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २७ वा अंक. बॅटमॅनची पहिली गोष्ट, अवघी सहा पानांची. शेवटी बॅटमॅन खलनायकाला ठोसा मारतो, तो कठडा मोडून खालच्या अ‍ॅसिडच्या टाकीत पडतो, आणि असल्या माणसाला असाच शेवट शोभतो अशा अर्थाचं वाक्य बोलून बॅटमॅन मोकळा होतो. ना पश्चात्ताप, ना विचार. ‘मूळ बॅटमॅन मारत होता’ म्हणणारे इथवर खरंच बोलतात.

पण त्या पहिल्या गोष्टीत आईवडिलांच्या खुनाचा उल्लेखसुद्धा नाही. तो भाग आला नोव्हेंबरात, ३३ व्या अंकात: थिएटरातून परतणारं जोडपं, अंधारातून पुढे आलेला पिस्तूलवाला, आणि रस्त्यावर एकटा उरलेला पोरगा. १९४० च्या वसंतात रॉबिन हा त्याचा पोरसवदा साथीदार आला. त्याच सुमारास बॅटमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो आणि जीव घेणं मला आवडत नाही, पण आज नाइलाज आहे, असं सांगतो. इथे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी दांडकं आपटलं: यापुढे बॅटमॅन माणूस मारणार नाही आणि बंदूक वापरणार नाही.

हा नियम कुणा तत्त्वज्ञाने घातलेला नव्हता. अंक लहान मुलं वाचत होती, प्रकाशकाला धंद्याची काळजी होती. तरीही तो नियम त्या पिस्तुलाच्या आठवणीशेजारी येऊन बसला आणि पात्र पुरं झालं. ज्या हत्याराने त्याचं घर उद्ध्वस्त केलं, ते तो हातात धरणार नाही. आधीच्या दहा-बारा महिन्यांचा बॅटमॅन हा कच्चा खर्डा होता असं मी मानते. सगळ्यात जुनं तेच सगळ्यात खरं, असं मानलं तर मग आईवडिलांच्या खुनालाही भेसळ म्हणावं लागेल.

चाहत्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. ती पहिली सहा पानं लिहिली बिल फिंगरने. पोशाखाचा करडा रंग, डोक्यावरचा मुखवटा, बॅटमॅनच्या शहराचं गॉथम हे नाव, हे सगळं त्याचं. नाव मात्र एकट्या चित्रकार बॉब केनचं छापलं जायचं. १९६५ साली जेरी बेल्स नावाच्या चाहत्याने चाहत्यांच्या मासिकात फिंगरचा वाटा लिहून काढला, तेव्हा केनने रागावून उत्तर लिहिलं. फिंगर १९७४ साली गेला. अधिकृत श्रेय त्याला मिळालं २०१५ साली. अर्धं शतक हे प्रकरण चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी धरून ठेवलं, म्हणून ते झालं.

आता पडद्यावर येऊ. मला तुम्हाला दोन बॉम्ब दाखवायचे आहेत.

पहिला १९६६ चा. अ‍ॅडम वेस्टची ती रंगीबेरंगी टीव्ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात बॅटमॅनच्या हाती वात पेटलेला काळा गोल बॉम्ब येतो. तो डोक्यावर धरून तो धक्क्यावरून धावतो. एकीकडे फेकावा तर समोर नन. दुसरीकडे फेकावा तर बाबागाडी घेतलेली आई. मग बँडवाले. पाण्यात टाकावा तर होडीत एक प्रेमी जोडपं. दुसऱ्या बाजूच्या पाण्यात बदकं! तो तिथेही टाकत नाही. गेली कित्येक वर्षं गंभीर बॅटमॅन हवा असलेले चाहते या प्रसंगाला हसत आले आहेत. तो हसण्यासाठीच केलेला आहे, याबद्दल वाद नाही. पण नीट बघा: वात जळत चालली आहे, स्वतःचा जीव टांगणीला आहे, आणि हा माणूस बदकांच्या पिल्लांसाठी पुढे धावतो आहे. बॅटमॅन कोण आहे हे इतक्या सरळपणे सांगणारा प्रसंग पडद्यावर फार थोडा सापडेल.

दुसरा बॉम्ब १९९२ चा, बर्टनच्या दुसऱ्या चित्रपटातला. सर्कशीच्या टोळीतला एक आडदांड पैलवान बॅटमॅनसमोर उभा आहे. बॅटमॅन त्याच्या अंगावर बॉम्ब अडकवतो. पैलवान खाली बघतो, मग वर बघतो, आणि बॅटमॅन हसतो. मग ठोसा, पैलवान गटारात, आणि स्फोट. थिएटरात लोक टाळ्या वाजवतात.

बर्टनचा बॅटमॅन मला अनेक बाबतींत आवडतो. अँटन फर्स्टने पहिल्या चित्रपटासाठी उभं केलेलं गॉथम ऑस्करच्या लायकीचं होतं आणि त्याला ते मिळालंही. कीटनच्या डोळ्यांत रात्री झोप न येणारा माणूस दिसतो. पण ते हसू मला मान्य नाही. पात्र मनाने जखमी आहे, म्हणून तो मारतो, असं एक समर्थन दिलं जातं. पण जखमी माणूस मारताना खूश होत असेल तर जोकरमध्ये आणि त्याच्यात उरलं काय?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर त्याच वर्षी, सप्टेंबरात, मुलांच्या वेळेत टीव्हीवर आलं. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांची अ‍ॅनिमेटेड मालिका. रॅडोम्स्कीने पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायला लावली. म्हणजे रात्र आधीपासून तिथे असायची, चित्रकाराने तिच्यात फक्त उजेड भरायचा. केविन कॉनरॉयने ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या माणसाला, एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा. मुलांचा कार्यक्रम असल्यामुळे हिंसेवर चॅनेलची कडक बंधनं होती. गोळी घालून प्रश्न सोडवायची वाटच बंद, त्यामुळे लेखकांना दुसरी वाट शोधावी लागली.

मिस्टर फ्रीझचा एपिसोड घ्या. पॉल डिनीने लिहिलेला. कॉमिक्समध्ये हा खलनायक १९५९ पासून होता, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ चोर. डिनीने त्याला नोरा नावाची आजारी पत्नी दिली. तो तिला गोठवून जिवंत ठेवायचा प्रयत्न करतो आहे, आणि कंपनीचा मालक खर्च परवडत नाही म्हणून येऊन सगळं बंद पाडतो. बॅटमॅन त्या रात्रीची टेप बघतो आणि त्याला कळतं की आपण ज्याला पकडायला निघालोय, त्याच्यावर अन्याय झालेला आहे. तरीही त्याला थांबवायला हवंच. सर्दीने बेजार झालेल्या बॅटमॅनला त्याचा घरकारभारी आल्फ्रेड याने थर्मासमधून गरम चिकन सूप दिलेलं असतं. तोच थर्मास तो फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फोडतो. गरमीने काच तडकते, लढाई संपते. मग तो टेप वार्ताहराच्या हाती देतो आणि त्या मालकाला ‘मानवतावादी’ म्हणून शुभ रात्री म्हणून निघून जातो. बावीस मिनिटांत गुन्हेगार पकडला, त्याचं दुःख ऐकलं, खरा दोषी उघडा पाडला, आणि कुणी मेलं नाही. पुढे कॉमिक्सनेही ही नोरा आपली मानली.

क्रिस्टोफर नोलनने नियमालाच कथेचा विषय केला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. २००८ च्या चित्रपटात जोकरचा सगळा डाव बॅटमॅनने आपल्याला मारावं यासाठी आहे, आणि इमारतीवरून पडणाऱ्या जोकरला बॅटमॅन झेलून उलटा लटकवतो. पण २००५ च्या पहिल्या चित्रपटात कोसळणाऱ्या ट्रेनमध्ये तो खलनायक रास अल गूलला म्हणतो, मी तुला मारणार नाही, पण तुला वाचवायलाच हवं असंही नाही. हे वकिलाचं बोलणं झालं. चाहते या एका वाक्यावरून इतकी वर्षं भांडत आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

२०१६ चा चित्रपट करणाऱ्या झॅक स्नायडरच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. त्याचा बॅटमॅन वीस वर्षं लढून थकलेला आहे, एक रॉबिन गमावून बसलेला आहे, आणि तो वाट चुकला आहे हे आल्फ्रेड त्याला तोंडावर सांगतो. वाट चुकलेल्या बॅटमॅनची गोष्ट सांगता येते. पण त्यासाठी वाटेवरचा बॅटमॅन आधी दाखवावा लागतो. तिथे आपल्याला थेट शेवटचा अंक दाखवला, आणि गाड्यांच्या पाठलागात माणसं चिरडली गेली तेव्हा काय गमावलं ते कळायला जागाच उरली नाही. मॅट रीव्ह्जने २०२२ साली हे उलट्या क्रमाने केलं. सुरुवातीला ‘मी सूड आहे’ म्हणणारा बॅटमॅन शेवटी तेच शब्द एका हल्लेखोराच्या तोंडून ऐकतो आणि मग हातात लाल मशाल घेऊन पुराच्या पाण्यातून लोकांना बाहेर काढतो.

व्याख्यानांनंतर एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच घेते. जोकर दर वेळी सुटतो, दर वेळी माणसं मारतो. मग त्या मृत्यूंना बॅटमॅनच जबाबदार नाही का?

१९८८ साली जेसन टॉड या दुसऱ्या रॉबिनला जोकर मरेस्तोवर बदडतो अशी गोष्ट छापली गेली आणि तो जगावा की मरावा हे वाचकांवर सोडलं गेलं. दोन फोन नंबर होते, एका फोनला पन्नास सेंट. मरावा, ५,३४३. जगावा, ५,२७१. बहात्तर मतांनी तो मेला. पुढे कॉमिक्सने त्याला परत आणलं आणि २०१० च्या अ‍ॅनिमेटेड चित्रपटात तोच जेसन जोकरच्या डोक्याला पिस्तूल लावून बॅटमॅनला तुमचाच प्रश्न विचारतो. जेसन म्हणतो, मी पेंग्विनसारख्या बाकी खलनायकांना मार म्हणत नाही, फक्त ह्याला, कारण ह्याने मला तुझ्यापासून तोडलं. बॅटमॅन कबूल करतो की असा एक दिवस जात नाही की ज्या दिवशी त्याला जोकरला मारावंसं वाटत नाही. पण एकदा तिकडे गेलो तर परत येणार नाही, असं तो म्हणतो. जेसन त्याच्याकडे दुसरं पिस्तूल फेकतो: मला गोळी घाल, नाहीतर मी ह्याला घालतो.

माझ्या मते जोकरचं काय करायचं हा गॉथमच्या कोर्टाचा प्रश्न आहे, तुरुंगाचा आहे आणि दर महिन्याला नवा अंक विकणाऱ्या प्रकाशकाचा आहे. एका मुखवटेवाल्या माणसाने तो रात्री परस्पर निकालात काढावा, असं गॉथममध्ये राहणाऱ्या कुणालाही वाटू नये. बॅटमॅन ते पिस्तूल खाली टाकतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. जेसन त्याच्यावरच गोळी झाडतो.