काका, कोणत्या खात्यात होतात?

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘ॲस्बेस्टॉस आणि कामगारांचे आरोग्य’ असा छापला असून कायद्याच्या भागाकडे मी येणारच आहे. तथापि छातीच्या विकारांवर उपचार करताना जी गोष्ट मला वर्षानुवर्षे बोचत राहिली, ती आधी सांगतो. ॲस्बेस्टॉसने, म्हणजे उष्णता रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतुमय खनिजाने, आजारी पडलेला माणूस आपल्याकडे सापडत नाही, कारण त्याने आयुष्यभर नेमके काय काम केले हे त्याला कोणी विचारीत नाही.

1982 च्या संपानंतर मुंबई सोडून रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेले एक गृहस्थ सत्तरीत माझ्याकडे आले. चार पायऱ्या चढल्या की धाप लागत असे. थुंकीत एकदाही जंतू सापडले नसताना त्यांना दोन वेळा क्षयाची औषधे देऊन झाली होती. मी काम विचारले, ते म्हणाले, “गिरणीत होतो.” मी कागदावर ‘कापसाची धूळ’ असे लिहून मोकळा झालो, आणि ही माझी चूक होती. पाठीवर खाली नळी लावली तेव्हा श्वास आत घेताना, कानाजवळ केस चोळावेत तसा बारीक आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. हे कापसाच्या धुळीच्या दम्याचे लक्षण नव्हे. फोटोत फुफ्फुसांच्या तळाशी जाळे दिसत होते आणि छातीच्या पडद्यालगतच्या आवरणावर चुना साचलेले चट्टे होते. तेव्हा कुठे मी विचारले, “काका, कोणत्या खात्यात होतात?”

“बॉयलरवर, डॉक्टरसाहेब. विणकामाच्या साच्यावर मी कधी गेलोच नाही.”

त्यानंतर अर्धा तास ते बोलत होते. वाफेच्या पाइपांवरचे जुने लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारे वेष्टण, हातोडीने ठोकून पाडायचे, कोरडी भुकटी घमेल्यात ओतून पाणी घालून हातांनी मळायची, पाइपावर थापायची आणि वरून कापड गुंडाळायचे. ठोकताना उडणारी धूळ भुवयांवर पिठासारखी बसत असे. ते तिला ‘पांढरी माती’ म्हणत; तिचे खरे नाव, ॲस्बेस्टॉस, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चाळीतल्या खोलीबाहेर त्यांची पत्नी ते कपडे झटकून मग भिजत घालीत असे. हे ऐकल्यावर मी त्या माउलींच्याही छातीचा फोटो काढायला सांगितला. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांना मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, होत असल्याची नोंद लंडनमधील वैद्यकांनी 1965 मध्येच केलेली आहे.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात 1700 साली सांगून ठेवले की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा व्यवसाय कोणता’ हेही विचारावे. आज आपल्या केसपेपरवर त्या रकान्यात काय लिहिलेले असते? ‘निवृत्त’. आपण हसलात, म्हणजे आपल्याही कागदावर तेच असावे. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत हा शब्द घातक ठरतो, कारण धूळ श्वासात गेल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. रोग उगवतो तोवर गिरणी बंद पडलेली असते, मुकादम वारलेला असतो आणि हजेरीपत्रक रद्दीत गेलेले असते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे कबूल केलेला भाग आता वेगाने मांडतो. या खनिजाचे तंतू उभे चिरत जाऊन इतके बारीक होतात की ते फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. शरीराच्या रक्षक पेशींना ते पचवता येत नाहीत आणि भोवती व्रण साचत जातो. त्या व्रणांनी फुफ्फुस घट्ट होते, तो ॲस्बेस्टोसिस. तो मागे फिरवणारे औषध नाही. पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या अशा कामगाराला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आपल्या देशात 1986 पासून खाणींचे नवे परवाने थांबले, परंतु आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे त्यानंतरही बनत राहिले. छपरावरच्या धड पत्र्यापेक्षा तो करवतीने कापणारा, भोक पाडणारा आणि पाडकामात फोडणारा मजूर अधिक धोक्यात असतो. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरची धूळ हवेच्या झोताने उडवणारा गॅरेजमधला मुलगाही त्यातच येतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. पत्रा ओला करून अखंड उतरवावा आणि योग्य दर्जाचा मास्क वापरावा.

ॲस्बेस्टोसिसचा रोगी आढळल्यास डॉक्टरांनी कारखाने निरीक्षणालयाला कळवणे 1948 च्या कारखाने कायद्याने बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. ती नोंद मागून घ्या. ती मिळत नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच एका कागदावर कारखाना, खाते, हातातले काम आणि साल लिहून घ्या. त्या गृहस्थांच्या केसपेपरवर ‘निवृत्त’ हा शब्द खोडून मी लिहिले : गिरणी, बॉयलर खाते, पाइपांचे लॅगिंग, 1961 ते 1982.