कोणतं शीत दाबून पाहायचं?

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येतानाच एका काकूंनी मला दारात गाठलं. म्हणाल्या, "माझ्या भाच्याचा आयात मालाचा कंटेनर दशरथच्या कंटेनर डेपोतून न उघडताच सुटला. शेजारच्या कारखानदाराचा मात्र त्याच दिवशी अख्खा रिकामा करून पाहिला. तिथे ओळख लागते का हो?" काकू, आजचा सगळा वेळ तुमच्या या एका प्रश्नालाच देतो. सीमाशुल्क खात्यातली माझी बहुतेक नोकरी शेडमध्ये, आयात माल तपासण्यात गेली आणि हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. नोकरीच्या सुरुवातीला मला तपासणी म्हणजे हेच वाटायचं. दार उघडायचं, दोन गोण्या काढायच्या, त्या बरोबर निघाल्या की सगळं बरोबर. पुढे लक्षात आलं की शितावरून भात कळतो, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कंटेनर तसा भरलेला नसतो. ज्याला काही लपवायचं आहे तो चांगला माल दाराशी लावतो आणि नको तो आत, तळाशी ठेवतो. मग कोणतं शीत दाबायचं, आणि त्याआधी कोणत्या पातेल्याचं झाकण काढायचं, हे ठरवण्यातच आमचं खरं काम आहे.

कुणी म्हणेल, सगळंच तपासा ना. तसं करून पाहिलेलं आहे, आणि तेही आपल्या गुजरातेतच. काठियावाडातून ब्रिटिश मुलखात येणाऱ्यांसाठी वीरमगामला जकातीची नाकेबंदी होती. तिथे आगगाडीतल्या प्रवाशांना उतरवून त्यांच्या सामानाची झडती घेत. 1915 मध्ये गांधीजी राजकोटला निघाले होते, तेव्हा वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या शिंप्याने त्यांना हा जाच सांगितला. गांधीजींनी पाठपुरावा केला आणि 1917 मध्ये ती नाकेबंदी उठली. ओखामंडल बडोदे संस्थानातलंच, म्हणजे काठियावाडचा हा प्रश्न आपल्या घराबाहेरचा नव्हता. मला त्यातून एवढंच दाखवायचं आहे की प्रत्येकाची झडती घेतली की प्रामाणिक माणूस नाडला जातो आणि झडती घेणाऱ्याची नजरही मरते. सकाळपासून शंभर गाठोडी सोडलेल्या माणसाला एकशेएकाव्या गाठोड्यात काय दिसणार?

आता आजचा हिशेब करा. वीस फुटी कंटेनरमध्ये दोनशे लिटरची साधारण ऐंशी पिंपं बसतात. पंचवीस किलोच्या गोण्या असतील तर सात-आठशे. हे सगळं बाहेर काढायचं, मोजायचं, पुन्हा भरायचं, म्हणजे मजुरी आली, फाटलेल्या गोण्या आल्या, ओल धरणारं रसायन असेल तर मालाची नासाडी आली. वर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, आणि डेपोचं भाडं. हा सगळा खर्च आयातदाराच्या अंगावर पडतो, माल निर्दोष निघाला तरीही. म्हणूनच जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुधारित क्योटो करारात 1999 मध्ये देशांनी मान्य केलं की तपासणी गरजेपुरतीच असावी आणि ती गरज जोखीम पाहून ठरवावी.

आपल्याकडे ही पद्धत 2005 च्या अखेरीस आली. खात्यात आम्ही तिला आरएमएस, म्हणजे रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणतो. आयातदार किंवा त्याचा कस्टम्स ब्रोकर, म्हणजे दलाल, संगणकावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरतो. मालाचं वर्णन, वर्गीकरणाचा आकडा, किंमत, मूळ देश, पुरवठादार, वजन असं सगळं त्यात येतं. 2011 पासून शुल्काची आकारणीही आयातदारानेच करायची असते. यंत्रणा ही माहिती तिच्याकडच्या नियमांवर घासून पाहते आणि चारांपैकी एक वाट देते. एक, कागदही तपासायचे नाहीत आणि मालही नाही. शुल्क भरा आणि न्या. दोन, फक्त कागद. तीन, फक्त माल. चार, दोन्ही. मालाची तपासणी सांगितली तर किती टक्के गोण्या पाहायच्या, नमुना काढायचा का, कशाकडे विशेष लक्ष द्यायचं, हेही आदेशात येतं. अन्न, औषधं, वनस्पती अशा मालाला त्या त्या खात्याची परवानगी वेगळी लागते. आणि काही माल कोणत्याही संशयाशिवाय, नुसता चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला जातो. ही यादृच्छिक निवड अनेकांना खुपते. माझ्या मते ती राहिलीच पाहिजे. नियमांना ठाऊक नसलेली नवी लबाडी तिथेच सापडू शकते, आणि आपण कधीच उघडले जाणार नाही अशी खात्री कुणालाही असता कामा नये.

आता ओळखीचं. 2020 पासून कागद तपासणारा अधिकारी बहुधा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो आणि कुणाचे कागद कुणाकडे जातील ते संगणक ठरवतो. शेजाऱ्याचा कंटेनर उघडला तो त्याचा पुरवठादार नवा असेल, किंमत त्याच मालाच्या इतर आयातींपेक्षा फार कमी असेल किंवा नुसती चिठ्ठी निघाली असेल, म्हणून.

जोखीम म्हणजे काय ते कच्छमधल्या मुंद्रा बंदराच्या उदाहरणाने सांगतो. सप्टेंबर 2021. दोन कंटेनर आले होते. कागदावर होते अफगाणिस्तानातले टाल्कचे दगड, इराणच्या बंदर अब्बासहून चढवलेले, आणि आयातदाराचा पत्ता विजयवाड्याचा. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने ते उघडले तेव्हा जंबो गोण्यांत वरच्या थरात दगड होते आणि खाली हेरॉइन, दोन्ही कंटेनरांत मिळून सुमारे 3 टन हेरॉइन. वरचं शीत अगदी व्यवस्थित शिजलेलं होतं! पण कागदच नीट वाचा. विजयवाड्याच्या व्यापाऱ्याला चेन्नई आणि विशाखापट्टणम जवळ असताना माल थेट कच्छात का उतरवावासा वाटला? अशा बारीक विसंगतीचा माग काढावा लागतो. यंत्र तो काही प्रमाणात काढतं. खबर मात्र माणूसच आणतो.

आपल्या भागात भाताचीच उपमा द्यायची तर तांदळाच्या जातीचा घोळ अधिक. दशरथ, रणोली, नंदेसरी, सगळा रसायनांचा पट्टा. पांढरी भुकटी, पांढरी भुकटी आणि पांढरी भुकटी. एकीवर साधं शुल्क, दुसरीवर विशिष्ट देशातून आली तर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे परदेशातून फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचं जादा शुल्क. डोळ्यांनी काही कळत नाही. नमुना काढून सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि खात्याची एक प्रयोगशाळा आपल्या बडोद्यातच आहे. अहवाल येईपर्यंत माल अडकून पडू नये म्हणून बाँड, म्हणजे फरक निघाल्यास शुल्क भरण्याचं हमीपत्र, घेऊन तात्पुरत्या आकारणीवर तो सोडताही येतो. लहान कारखानदारांना ही सोय ठाऊक नसते. ती त्यांनी मागून घ्यावी.

आता मला सर्वांत टोचणारी गोष्ट. एका डेपोत असताना रंगद्रव्यं आणणाऱ्या एका लहान आयातदाराचा माल लागोपाठ सहा वेळा तपासणीला आला. सहाही वेळा सगळं बरोबर निघालं. पहिल्या पाच वेळा आमच्यापैकी ज्याची पाळी होती त्याने एका ओळीचा अहवाल भरला: तपासलं, ठीक आहे. त्यातले दोन अहवाल माझे. सहाव्या वेळी तो गृहस्थ मला म्हणाला, "साहेब, काय सापडलं नाही ते तरी कुठेतरी लिहा." मी खजील झालो. किती गोण्या फोडल्या, कोणत्या रांगेतल्या, वजन किती भरलं, नमुन्याचा अहवाल काय आला, हे लिहिल्याशिवाय नियम चुकतो आहे हे वर बसलेल्यांना कळणार कसं? त्या दिवशी मी सहाही तपासण्यांचा तपशील जमवून वरिष्ठांकडे दिला आणि हा नियम पुन्हा पाहावा असं लिहिलं. पुढे त्याचा माल क्वचितच तपासणीला आला. जे मी पहिल्याच वेळी करायला हवं होतं ते करायला मला त्याचे पाच कंटेनर लागले, आणि त्यांचं भाडं त्याने भरलं.

म्हणून खात्यात नव्याने लागलेल्या मुलांना मी आजही सांगतो, की माल निर्दोष निघाला तर अहवाल अधिक सविस्तर लिहा. पकडलेल्या मालाची बातमी होते, तिची नोंद आपोआप राहते. न सापडल्याची नोंद फक्त तुमच्या हातात असते.

आणि काकू, तुमच्या भाच्यासाठी एक निरोप. कंटेनर न उघडता सुटला याचा अर्थ प्रकरण मिटलं असा नाही. बिल ऑफ एंट्री नंतर ऑडिटसाठी पुन्हा निघू शकतं. करार, बीजक, पैसे पाठवल्याचे बँकेचे कागद, सवलतीचं शुल्क लावलं असेल तर मूळ देशाचा दाखला, हे सगळं पाच वर्षं एका फायलीत नीट ठेवायला सांगा. आणि पुढच्या वेळी वर्णनात नुसतं "केमिकल" लिहू नको म्हणावं. पूर्ण नाव, ग्रेड आणि सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, लिही म्हणावं.