खरखर नाही, मग ऐकायचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या पिढीचा कान खरखरीवर वाढला. ट्रान्झिस्टर लावला की आधी काटा फिरवायचा, मग अख्खा डबाच खिडकीकडं फिरवायचा, आणि वळवाचा दिवस असेल तर विजेच्या कडकडाटातून एकेक शब्द वेचायचा. त्यामुळं 'रेडिओ कसा वाजतो?' या प्रश्नाचा आमच्या लेखी अर्थ एकच होता, खरखर किती? सांगलीत आमच्या घरी २००६ साली उपग्रह रेडिओचा संच आला, तेव्हा मी याच कानानं त्याची परीक्षा घेतली आणि पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो. खरखर शून्य. काटा नाही, फेडिंग नाही. चार दिवस शेजाऱ्यांना बोलावून "ऐका, मागं काहीसुद्धा ऐकू येत नाही" असं कौतुकानं सांगत होतो.

मागं काहीसुद्धा ऐकू येत नाही, हीच खरी तक्रार असू शकते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

ज्यांनी तो संच पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एशियास्टार नावाचा उपग्रह मार्च २००० मध्ये आकाशात गेला आणि विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर जाऊन बसला. सांगलीच्या गच्चीवरून पाहिलं तर ही जागा पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ५० अंश वर येते. अँटेना म्हणजे पाटीएवढा चपटा चौकोन. त्याच्या लहरी एल बँडच्या, दीड गिगाहर्ट्झच्या जरा आत. या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. झाडांचं मात्र वाटतं. आमच्या शेजारच्या नारळाची एक झावळी वाऱ्यावर हलली की गाणं तुटायचं आणि झावळी सरली की जसंच्या तसं चालू. आधी खरखर, मग मंद, मग गायब, असा काही क्रम नाही. एक तर पूर्ण आवाज, नाही तर पूर्ण शांतता.

संचाच्या पडद्यावर सिग्नलच्या काड्या दिसायच्या. त्या भरलेल्या दिसल्या की माणूस म्हणतो, आवाज झकास. आता पोस्टमननं पत्र न भिजवता, न फाडता घरपोच आणून दिलं एवढंच काड्या सांगतात. लिहिणाऱ्यानंच पत्रातल्या चार ओळी गाळल्या असतील तर पोस्टमन त्याला काय करणार?

आणि ओळी गाळलेल्या असतातच. थोडं गणित सांगतो. किलोबिट म्हणजे आकड्यांत साठवलेल्या आवाजाचं माप. सीडीवर एका सेकंदाच्या स्टिरिओ संगीताला सुमारे १४११ किलोबिट लागतात. त्या उपग्रहावर जागेचं माप सेकंदाला १६ किलोबिटचं. एक माप घेतलं तर बोलणं कसंबसं जातं, चार मापं म्हणजे ६४ घेतली तर स्टिरिओ संगीत, आणि वरची मर्यादा १२८. म्हणजे ६४ वर गाणं पाठवायचं तर सीडीतल्या बावीस दाण्यांतला एक दाणा ठेवायचा. कुठला ठेवायचा, हे ठरवतं एमपीथ्रीचं तंत्र. ते आपल्या कानाच्याच एका सवयीवर चालतं. गणपतीच्या देवळात घंटा वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती कुजबुज पाठवायचीच कशाला? मोठ्या आवाजाखाली जे जे झाकलं जाईल असं यंत्राला वाटतं, ते ते गाळायचं. युक्ती हुशारीची आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण काय झाकलं जातं आणि काय जात नाही, याचा यंत्राचा अंदाज तुटपुंज्या किलोबिटांत चुकायला लागतो.

तो कुठं चुकतो हे ओळखायचं, तर आपल्याला लांब जायला नको. मिरज इथून दहा किलोमीटरवर.

सौभाग्यवतीला गाण्याचा नाद, त्यामुळं घरात एक मिरजेचा तंबोरा आहे. दर वर्षा-दीड वर्षानं जवारी बघायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर घरी यायचे. वयानं माझ्याहून बरेच मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्या दिवशी नेमका माझा भाचा आला होता. किती किलोबिटांत किती गाणं उरतं हे मला बघायचं होतं, म्हणून माझ्याच एका ख्यालाच्या सीडीच्या त्यानं संगणकावर तीन प्रती करून आणल्या होत्या, ३२, ६४ आणि १२८ च्या. त्या आम्ही घरच्या अँप्लिफायरवर लावून बसलो होतो. चाचा आतल्या खोलीत तंबोरा आडवा घेऊन घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, बारीक कानस मारत होते. ६४ ची प्रत चालू होती. कानस थांबली. आतूनच आवाज आला, "त्या तंबोऱ्याचा दोरा सरकलाय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते तिथं तारेखाली सुती दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी बसला की तार घोडीच्या उतारावर झणझणत राहते आणि एका स्वराबरोबर त्याचे वरचे स्वर फुलत जातात. ती जवारी. दोरा केसभर इकडंतिकडं झाला की जवारी मिटते.

भाच्यानं गुपचूप ३२ ची प्रत लावली. चाचा बाहेर आले. "हा तंबोराच न्हाई. कुणीतरी पेटीचा सूर धरून बसलंय." मग १२८ ची. या वेळी ते बराच वेळ ऐकत राहिले. तार छेडली जाण्याच्या वेळी मान बारीक हलवत होते. "ही बरी हाय. चारही तारा मोजता येतात." त्यांना किलोबिट म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

मला त्या दिवशी माझा धडा मिळाला. उपग्रह रेडिओची परीक्षा घ्यायची तर गायकाकडं कान लावायचा नाही. गायकाचा आवाज हा मोठा आवाज, त्याला यंत्र सगळ्यात चांगली वागणूक देतं. कान लावायचा त्याच्या मागं. गायक दम घेतो त्या जागेत तंबोरा कसा वाजतो? आणि गायकानं पुन्हा स्वर लावला की तंबोरा तसाच राहतो, की बारीक होऊन आत जातो? वाईट प्रसारणात तो श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. एकदा हे ऐकलं की मग ते कानातून जात नाही. आधीच माफी मागतो, काही वाहिन्या तुम्हाला त्यानंतर गोड लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट गंधाराची. खर्जाच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार म्हणजे 'ग' आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेच्या कंपनांच्या पाचपट. गायक पेटीच्या काळी एक पट्टीला 'सा' धरून गात असेल तर खर्जाची तार सेकंदाला ६९ च्या आसपास कंपनं करते आणि हा गंधार येतो साडेतीनशेच्या जवळ. आता हाताच्या पंजाएवढा स्पीकर ६९ कंपनांचा आवाज सहसा नीट देऊ शकत नाही. तरी आपल्याला खर्ज 'ऐकू' येतो, कारण वरचे स्वर मिळाले की खालचा स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून संचाच्या स्वतःच्या लहान स्पीकरवर खर्जाची परीक्षा घेऊ नका, फसाल. संचामागची लाइन-आउटची पिन काढून मोठ्या अँप्लिफायरला जोडा, नाही तर बरे हेडफोन लावा. घरातल्या पाहुण्यांसमोर हेडफोन लावून बसणं जरा उद्धट दिसतं, पण इलाज नाही.

तंबोऱ्यानंतर टाळ. वारकरी भजनाचं ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम. एमपीथ्रीचं यंत्र आवाजाचे सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढे तुकडे करून काम करतं. टाळाचा ठणका तुकड्याच्या शेवटी आला तर त्याची धूळ सगळ्या तुकड्यावर पसरते, म्हणजे ठणक्याच्या आधीसुद्धा. टाळ वाजण्यापूर्वीच कुणीतरी बारीक 'फ्स' केल्यासारखं वाटतं. वीस-पंचवीस टाळकरी असले तर या धुळीतून पावसासारखा एकसारखा सरसराट तयार होतो आणि टाळ सुटे ऐकू येत नाहीत. मैफिलीच्या शेवटच्या टाळ्यांचंही तसंच. टाळ्या माणसांच्या वाटतात, की कढईत काहीतरी तळतंय असं वाटतं, तेवढं बघा.

जुन्या तबकड्यांबद्दल एक सावधगिरी. मिरजेत ज्यांची समाधी आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, ७८ च्या वेगाच्या तबकड्या रेडिओवर लागतात. तिथली सुईची खरखर मूळचीच आहे, ती ऐकून संचाला नावं ठेवू नका. उलट ती मदतीला घ्या. खरखर एकसारखी, वाळू चाळल्यासारखी येत असेल तर प्रसारण चांगलं. तीच खरखर बुडबुड्यांसारखी, पाण्याखालून आल्यासारखी येत असेल तर किलोबिट कमी पडतायत. आयुष्यभर जिच्या नावानं बोटं मोडली ती खरखरच अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आता दोष प्रसारणाचा की आपल्या घरातला, हे कसं ओळखायचं? आमच्या संचाचा मूळ अडॅप्टर विजेच्या दणक्यानं गेला. मी बाजारातून स्वस्तातला आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाण्याच्या मागं एक 'घूं' सुरू झाला. मी बिचाऱ्या उपग्रहाला दोष देत होतो. भाच्यानं फोनवरून एवढंच विचारलं, "मामा, अँटेनाची वायर काढल्यावर घूं जातो का?" नाही गेला. म्हणजे तो आकाशातून येत नव्हता, आपल्या ५० सायकलच्या विजेतून येत होता. घूं, खटखट, एका बाजूचा आवाज जाणं, हे घरचे आजार. तंबोऱ्याचं आत जाणं, टाळाचा फ्स, बुडबुडे, हे पाठवणाऱ्याकडचे. गाण्याचं अधूनमधून तुटणं मात्र बहुधा गच्चीवरचं.

दोन संच तुलनेला घ्यायचे असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जो किंचित मोठा, तो कानाला चांगलाच वाटतो, इतका किंचित की मोठा आहे हे कळतही नाही. दुकानदारांना हे ठाऊक असतं. आणि डोळे मिटून ऐका. मी मोठ्या तोऱ्यात डोळे मिटून बसलो, सौभाग्यवतीला म्हटलं, तू पिना बदल. पहिल्या संचाला मी म्हणालो भारदस्त. दुसऱ्याला म्हणालो जरा कोरडा. तिसऱ्या खेपेला पुन्हा पहिला, लगेच ओळखला. ती म्हणाली, "अहो, मी पिनेला हातच लावला नाही अजून."

वयाचाही मुद्दा आहे. साठीनंतर दहा-बारा हजार कंपनांच्या वरचं बहुतेकांना ऐकू येईनासं होतं. झांजेची अगदी वरची चमक आहे की नाही हे मी आता नातीला विचारतो. ती फोनवरून मान न उचलता "आहे" म्हणते, ते मी मान्य करतो.

ती उपग्रह सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली. पण आकाशातला रेडिओ गेला असं नाही. तुमच्या घरी डीडी फ्री डिशची छत्री असेल तर त्याच रिमोटवर आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, टीव्हीचा पडदा काळा ठेवून ऐकता येतात. छत्री बघते जीसॅट-१५ कडं, ९३.५ अंशांवर, म्हणजे आपल्याकडून बऱ्यापैकी आग्नेयेला आणि ६० अंश वर. या लहरी केयू बँडच्या, म्हणजे एल बँडहून बऱ्याच जास्त कंपनांच्या, त्यांना नारळाइतकाच पाऊसही आडवा येतो. महाबळेश्वर-पाटणकडच्या श्रोत्यांना जुलै-ऑगस्टमध्ये हे मी सांगायला नको. म्हणून परीक्षा उघडिपीच्या दिवशी घ्या.

बरं, हे भाषण तुम्ही आकाशवाणी सांगलीच्या मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झवर ऐकत असाल तर एक सांगायला हवं. तिथं शेजारच्या केंद्राशी अंतर ९ किलोहर्ट्झचं असतं, त्यामुळं माझ्या आवाजातला साडेचार-पाच हजारांवरचा भाग तुमच्यापर्यंत येतच नाही. माझा 'स' आणि 'श' थोडे जवळ जवळ वाटले असतील. पण मध्यम लहरींवर तंबोरा ऐका. त्याचं टोक कापलेलं असतं, खरखर असते, वर कुठलं तरी लांबचं केंद्र घुसतं, तरी उरलेला तंबोरा गायकाच्या मागं जागचा हलत नाही. चाचांना मी ट्रान्झिस्टरवर ऐकवला होता. ते म्हणाले, "लांब बसलाय, पण दोरा जागेवर हाय."

आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी, रागम्, २६ जानेवारी २०१६ पासून डीटीएचवर, म्हणजे घरच्या छत्रीवर, आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर ती लावा. पंखा बंद करा. बडा ख्याल सुरू असेल तर बरंच, कारण तिथं गायक घाईत नसतो. पंचम, जोडीचे दोन षड्ज, आणि मग खर्ज. खर्ज वाजून गेल्यावर गायक स्वर लावेल, तेव्हा त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

नमस्कार.