मातीच्या माणसाची हाडं

श्रोतेहो, नमस्कार.

पोळ्याला मातीचा बैल तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेला असेल. पाय जाडजूड ठेवले की बैल उभा राहतो. आता त्याच मातीचा माणूस करून बघा. उभा, हातभर उंचीचा. आधी घोटे लपकतात, मग गुडघे बसतात, शेवटी मान खाली येते. पुष्कळ जण मातीला दोष देतात. माती चांगलीच असते, आत हाडं नसतात. ही हाडं आपण बांधून द्यायची असतात. आम्ही त्यांना सांगाडा म्हणतो, कला महाविद्यालयात आर्मेचर म्हणतात. आज त्या सांगाड्याविषयी बोलणार आहे.

एक हिशोब आधी कानात साठवून ठेवा. फूटभराची मूर्ती दोन फुटांची केली, तर उंची दुप्पट होते, रुंदी दुप्पट होते आणि जाडीही दुप्पट होते. दोन दुणे चार, चार दुणे आठ. उंची दुप्पट झाली की माती आठपट लागते. पुन्हा सांगतो, उंची दुप्पट, वजन आठपट. तीन फुटांचा भरीव माणूस करायचा तर ओली माती साधारण वीस किलो लागते. एवढं ओझं घोट्याएवढ्या बारीक जागेवर उभं राहायचं असतं.

हा हिशोब मला विसाव्या वर्षी माहीत नव्हता. तेव्हाचीच गोष्ट सांगतो.

आमच्या तालुक्याला शेतकी प्रदर्शन भरणार होतं आणि मी ठरवलं, केळीचा घड खांद्यावर घेतलेला कापणीवाला करायचा. रावेर-यावलकडच्या श्रोत्यांना तो माणूस डोळ्यांसमोर दिसेल. बागेतून ट्रकपर्यंत, दिवसभर, एकामागून एक घड. त्याच्या खांद्यावरून आमच्या भागाची केळी देशभर गेली, आणि त्याचा पुतळा मी कुठल्याच चौकात पाहिला नाही. चौकात जे पुतळे दिसतात त्यांतले कितीतरी दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, खांब पुरल्यासारखे उभे असतात. असं कुणी माणूस उभा राहत नाही. हे मी मनापासून बोलतो आहे, मला ते बघवत नाही. असो.

मूर्ती तीन फुटांची ठरली. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार आणली, चार पदर एकत्र पिळले, पाय केले, धड केलं, हात केले. घोट्यापाशी तारा दुमडून लाकडी पाटावर खिळ्यांनी ठोकल्या. वर कडब्याचं पान गुंडाळलं आणि शाडू थापायला लागलो. मे महिना, भुसावळचं ऊन. माती तासाभरात सुकायची, म्हणून ओलं गोणपाट टाकायचो. ते ओलं गोणपाट हेसुद्धा वजनच, हे ध्यानात येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, हनुवटी खाली आली आहे. दोरीनं मोजलं. तीन फुटांची मूर्ती दोन फूट साडेदहा इंच भरली. मी काय केलं, तर गुडघ्यांवर आणखी माती भरली. पाय जाड झाले की मजबूत होतील, असा समज. माती वाढली, वजन वाढलं, तार तीच. गोणपाटावर तांबूस डाग पडले होते. तार आतून गंजायला लागली होती.

चौथ्या रात्री पडवीतून आवाज आला. धुण्याची ओली मोट ओट्यावर टाकावी तसा. कंदील घेऊन गेलो. मूर्ती उजव्या अंगावर, तोंडावर पडली होती. घोट्याचे खिळे उपटले गेले होते आणि खांद्यातून तार मांस फाडून यावी तशी बाहेर आली होती. मी सकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सकाळी मामा आले. रावेर तालुक्यात त्यांची केळीची बाग, आणि लग्नसराईचे दिवस, पत्रिका द्यायला आलेले. पत्रिका बाजूला ठेवून ते त्या ढिगाऱ्याशी उकिडवे बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "घड कोन्या खांद्यावर होता?" मी म्हटलं, उजव्या. "मंग उजवीकडेच पडीन ना भो. टेका कोठी दिला होता तू?" मी म्हटलं, मामा, आत तार आहे ना. ते काही बोलले नाहीत. दुपारी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्टेशनला नेलं आणि तिथून गावाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता बागेत गेलो. घड लागलेल्या झाडांना दोन-दोन बांबू कैचीसारखे बांधून टेकू दिलेले होते. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो, पण बघितलं त्या दिवशी. टेकू बुंध्याला लावलेला नव्हता. झाड ज्या अंगाला झुकलंय त्या अंगाला, वर घडाच्या गळ्याखाली लावलेला होता. मामा म्हणाले, "घड कोन्या अंगाले झुकेल हाये ते पाह्य आधी. मंग टेका दे."

एवढ्यावर थांबले नाहीत. कापलेला घड उचलला आणि माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. वीसेक किलोचा असेल. "उभा राह्य असाच." मी उभा राहिलो. धड आपोआप डावीकडे कललं. सगळा भार डाव्या पायावर आला, उजवा गुडघा सैल पडला. मामांनी सुतळीला खडा बांधला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा, आणि माझ्या गळ्याच्या खळगीवर धरला. खडा दोन पावलांच्या मध्ये आला नाही, डाव्या टाचेपाशी जाऊन थांबला. मग त्यांनी माझ्या खांद्यांवर आणि कमरेवर केळीच्या पानाचे दांडे आडवे धरून दाखवले. खांद्याचा दांडा उजवीकडे चढलेला, कमरेचा डावीकडे चढलेला. दोन रेघा, दोन उलट दिशांना.

शरीरशास्त्राच्या तक्त्यावर मी हे वाचलं होतं. उतरलं ते खांदा दुखायला लागल्यावर. आणि म्हणूनच शाळेतला चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो तेव्हा मला राग येतो. त्या तासात मूल उभं राहून, उचलून, हात लावून शिकू शकतं. तो तास कुणी घेऊ नये.

परत आलो आणि सगळं नव्यानं बांधलं. कसं बांधलं ते सांगतो, कारण आजही मी तसंच बांधतो.

पाटावर नळवाल्यांकडचा फ्लँज, म्हणजे पाईप उभा बसवायची लोखंडी चकती, स्क्रूनं पक्का बसवला. त्यात अर्धा इंची जीआय, म्हणजे नळाचा जस्त चढवलेला लोखंडी पाईप उभा केला, मूर्तीच्या पाठीमागे चार बोटं अंतर ठेवून. कमरेच्या उंचीवर एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावून पाईपचा छोटा तुकडा आडवा पुढे आणला. तो मूर्तीच्या कमरेत शिरतो. सगळ्या तारा त्याला बांधायच्या. म्हणजे मूर्ती पायांवर उभी नसते, कमरेवर टांगलेली असते. हे पुन्हा ऐका. मूर्ती पायांवर उभी नसते, कमरेवर टांगलेली असते. पाय नुसते खाली सोडलेले. साचा काढताना पाईप निघतो आणि पाठीतलं भोक बुजवता येतं.

तार ॲल्युमिनियमची घ्यावी. गंजत नाही, हातानं वाकते. दुपदरी पिळली की पिळात माती धरते. मूर्तीच्या मापाचं चित्र कागदावर काढून तार त्यावर ठेवून वाकवा. खांद्याची आणि कमरेची रेघ आधी तारेतच तिरपी करा. तार कोपराला, गुडघ्याला शरीराच्या मधोमध राहिली पाहिजे. कडेला गेली की पुढे कोरताना हत्याराला लागते. छाती-पोटासारख्या जाड जागी लाकडाच्या दोन चिपा फुलीसारख्या बांधून तारेनं आत लटकवा, मातीचे लगदे त्यांना धरून राहतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि मातीला तडा देतं, म्हणून चिपांना आधी ऑइलपेंट मारा. माती घालण्यापूर्वी सांगाडा धरून हलवा. रिकामा असताना जो डुलतो, तो भरल्यावर पडतो.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. मूर्ती भट्टीत भाजायची असेल तर आत तार ठेवू नका. माती आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि मूर्ती फुटते. भाजायची मूर्ती आतून पोकळ करतात. आपली तापीकाठची काळी माती तर नुसत्या उन्हातही केवढी आक्रसते, मे महिन्यात शेतातल्या भेगांत पाय जातो. म्हणून तिच्यात कापूस पिंजून घालतात, किंवा सरळ शाडू आणतात.

हे लहान मूर्तीपुरतंच आहे असं समजू नका. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात 1925 साली जन्मलेल्या राम सुतारांनी घडवलेला सरदार पटेलांचा पुतळा 182 मीटर उंच आहे. बाहेर दिसतं ते ब्राँझ. आत काँक्रीटचे दोन उभे गाभे आणि पोलादाचा सांगाडा आहे, त्यावर ते ब्राँझ पेललेलं आहे.

माझा कापणीवाला प्रदर्शनात उभा राहिला. मामा आले, त्यांनी पाट धरून हलवून बघितला आणि मान डोलावली. संध्याकाळी चार-पाच कापणीवाले आले. त्यांतला एक वयस्क माणूस मूर्तीच्या खांद्याकडे बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "मास्तर, खांद्यावर गादी नाही ठेवली? सोलून निघीन तो." घडाखाली कापडाची गादी घेतात, ती मी विसरलो होतो. माती ओली होती. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात घड थोडा उचलून गादी केली. सांगाडा हलला नाही, म्हणून ते करता आलं.

भाद्रपद पौर्णिमेला आपल्याकडे भुलाबाई बसेल, कुणी गुलाबाई म्हणतं. ती या वर्षी घरीच करणार असाल तर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सरळ काडी घ्या, ऑइलपेंट मारून दोन दिवस वाळवा, पाटाला घट्ट बसवा आणि मुलांच्या हातून तिला तार गुंडाळून घ्या. मातीला हात त्यानंतर. आणि भुलाबाईच्या कडेवर बाळ देणार असाल, तर ते कोणत्या कडेवर आहे ते ठरवून तारेतच त्या बाजूची कमर थोडी वर काढा.

नमस्कार.