प्रदर्शन उठल्यानंतर

नमस्कार, श्रोतेहो.

चित्रांच्या प्रदर्शनात चित्रं असतात. वास्तुकलेच्या प्रदर्शनात मात्र इमारत सहसा नसते. ती दूर आपल्या जागी उभी असते. दालनात येतात ते तिचे नकाशे, फोटो, लाकडी प्रतिकृती. प्रदर्शन उठलं की तेही पांगतात. मग पुढे कुणी त्या प्रदर्शनाचा इतिहास शोधू लागलं, तर त्याच्या हाती काय लागतं?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९३२ साली फिलिप जॉन्सन आणि हेन्री-रसेल हिचकॉक यांनी आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी दोघांचं ‘द इंटरनॅशनल स्टाइल’ हे पुस्तकही निघालं. पुस्तक कपाटात टिकलं, आणि पुढे अनेकांनी पुस्तक म्हणजेच प्रदर्शन असं धरून टाकलं. पण प्रदर्शनाचा कॅटलॉग उघडला की चित्र पालटतं. तिथे अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट ठळकपणे आहे; पुस्तकात तो आधीच्या पिढीचा माणूस म्हणून बाजूला पडतो. तिथे लेखक-समीक्षक लुइस ममफर्ड यांनी हाताळलेला, घरांच्या प्रश्नावरचा एक वेगळा विभागही आहे. नुसत्या शैलीच्या गप्पांत तो कसा हरवला, हे मला फार लागतं. सामान्य माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न त्या दालनात होता आणि आठवणीतून तोच आधी गळला.

म्हणून संशोधकाने कॅटलॉगवरही थांबू नये. पत्रव्यवहार, वाहतुकीच्या पावत्या, विम्याच्या याद्या, दालनाचा आराखडा, वर्तमानपत्रातली परीक्षणं, सगळं चाळावं. कॅटलॉग पुष्कळदा उद्घाटनाआधीच छापून होतो. ऐन वेळी काय आलं नाही, काय हललं, ते पावत्या सांगतात.

कधी प्रदर्शनासाठीच इमारत बांधली जाते. बार्सिलोनातला वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांचा १९२९चा जर्मन मंडप पुढच्याच वर्षी उतरवला गेला. १९८६ साली तो त्याच जागी पुन्हा उभा राहिला, तो जुने नकाशे, फोटो आणि जमिनीत सापडलेल्या पायाच्या आधारावर. फोटो कृष्णधवल. दगडांचे रंग त्यांत कसे वाचायचे? आज आपण तिथे जे पाहतो, त्यात १९२९ आहे आणि १९८६च्या माणसांचा अभ्यासही आहे.

आणि संग्रहालयांतले प्लास्टरचे साचे, म्हणजे मूळ कोरीवकामाचा ठसा घेऊन ओतलेल्या हुबेहूब प्रतिकृती! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये रोमच्या ट्रेजन स्तंभाचा, म्हणजे सम्राट ट्रेजनच्या कोरीव विजयस्तंभाचा, साचा आहे, इतका उंच की तो दोन तुकड्यांत उभा करावा लागला. विसाव्या शतकात ‘नकला’ म्हणून कित्येक संग्रहालयांनी असे साचे मोडीत काढले. ही मोठी चूक होती असं मला ठामपणे वाटतं. मूळ दगड झिजत गेला. साच्यात मात्र ते कोरीवकाम एकोणिसाव्या शतकात जसं होतं तसं राहिलं.

एक गोष्ट मात्र कागदांत फार क्वचित सापडते: बघायला आलेला माणूस. दालनांचे फोटो बहुतेक वेळा रिकाम्या दालनांचे असतात. तेव्हा श्रोतेहो, घरात एखाद्या जुन्या प्रदर्शनाचं तिकीट किंवा माहितीपत्रक निघालं, तर ते टाकू नका. पाठीमागे तारीख लिहा. कुठल्या दाराने आत गेलात, समोर आधी काय दिसलं, कुठे जास्त वेळ थांबलात, आठवेल तेवढं लिहून ठेवा.

नमस्कार.