गप्प राहिलं म्हणजे हो म्हटलं का? अवयवदान, कायदा आणि आपली खेडी

नमस्कार. मी आर्वी तालुक्यात आशाताईंची गटप्रवर्तक म्हणून काम करते आणि या चॅनेलवर आरोग्याच्या योजना-कायद्यांबद्दल बोलते. आजचा विषय अवयवदान.

माझं मत आधीच सांगून टाकते. मेल्यावर माझे डोळे, किडन्या, लिव्हर, जे कामाचं असेल ते काढून घ्यावं, असं मी लिहून दिलंय. नवऱ्याला, मुलाला, सासूबाईंना सांगून ठेवलंय. तुम्हीही द्यावं असं मला मनापासून वाटतं. पण काही देशांत असा कायदा आहे, की ज्यानं जिवंतपणी 'नाही' असं नोंदवलं नाही, त्याचा होकारच धरायचा. तसा कायदा आज आपल्या खेड्यांवर आणायला माझा विरोध आहे. हे ऐकून लोक चमकतात. अवयवदानाचा प्रचार करणारी बाई अशी कशी बोलते? म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आपला कायदा 1994 चा. 2011 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्याकडे आधी संमती, मग दान. माणूस दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवू शकतो, त्यातला एक साक्षीदार जवळचा नातेवाईक हवा. लिहिलेलं नसेल तर घरचे ठरवतात. आणि लिहिलेलं असलं तरी घरचे नाही म्हणाले, तर प्रत्यक्षात डॉक्टर पुढं जात नाहीत.

(स्क्रीनवर: आधी होकार की आधी नकार?)

स्पेन, फ्रान्स, सिंगापूर, वेल्स, इंग्लंड इथं उलटी रीत आहे. तिथं गप्प राहिलेला माणूस दाता समजला जातो. सिंगापूरचा कायदा 1987 चा, आणि कडक. तिथं नकार नोंदवला तर उद्या तुम्हालाच किडनी लागली तेव्हा यादीत मागं जावं लागतं. आपल्याकडेही दर काही दिवसांनी कुणीतरी म्हणतं की हा कायदा आणा, म्हणजे प्रश्न मिटला. कारण आकडे वाईट आहेत, हे खरंच. 2023 मध्ये देशात 18 हजारांवर प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते हजाराच्या किंचित वर होते. दर दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे जवळपास 50. आणि आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली.

मग हे अवयव जातात कुठं? लोक संमती देत नाहीत म्हणून जातात का? काही प्रमाणात, हो. पण आपल्याकडचं मोठं कारण वेगळं आहे, आणि ते समजायला माणूस कसा मरतो ते बघावं लागेल.

घरी, खाटेवर, हृदय थांबून माणूस गेला तर किडनी, लिव्हर, हृदय देता येत नाही. रक्त थांबलं की हे अवयव लगेच खराब व्हायला लागतात. घरी गेलेल्या माणसाचे डोळे देता येतात, साधारण सहा तासांच्या आत. त्वचाही देता येते. बाकीचे मोठे अवयव मिळतात ते मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचे. म्हणजे डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, मेंदूचं काम कायमचं बंद पडलं, पण व्हेंटिलेटरमुळे छाती हलते आहे आणि हृदय अजून चालू आहे.

इथं थोडं थांबते, कारण गावागावांत सगळ्यात जास्त भीती याच ठिकाणी आहे. एका म्हाताऱ्या आजीनं मला विचारलं होतं, "मॅडम, छाती हालून राह्यली तं तो जिताच हाय ना? मंग जित्या माणसाचं काढतेत काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं. कोमातला माणूस जिवंत असतो आणि बरा होऊ शकतो. मेंदूमृत्यू झालेला माणूस कायद्यानं आणि वैद्यकशास्त्रानं मृत असतो. ते ठरवायला चार डॉक्टर लागतात, आणि त्यांच्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही चालत नाही. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. त्यातल्या एका तपासणीत व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून बघतात, की शरीर स्वतःहून एक तरी श्वास घेतं का. दोन्ही वेळा घेतला नाही तरच सही होते. त्यानंतर अवयव काढतात ते ऑपरेशन थिएटरमध्ये, टाके घालून, आणि देह घरच्यांच्या ताब्यात देतात. अंत्यदर्शनाला, तेरवीला, कशालाच बाधा येत नाही. संमती दिल्यानंतरचा अवयव सांभाळण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. कुणी मागितला तर देऊ नका.

आता आपला रस्ता बघा. पुलगाव-आर्वी रोडवर रात्री दुचाकीचा अपघात झाला. 108 ला फोन. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी वर्ध्याची, मग सावंगी, सेवाग्राम नाहीतर थेट नागपूर. मेंदूला मार लागलेला कितीतरी माणूस या प्रवासातच जातो. जो पोहोचला त्याला आयसीयूत खाट मिळायला हवी, व्हेंटिलेटर मिळायला हवा, त्या हॉस्पिटलची नोंदणी असायला हवी, मेंदूमृत्यूच्या तपासणीसाठी ते चार डॉक्टर हवेत, आणि घरच्यांशी नीट बोलणारा समन्वयक हवा. यातली एक कडी तुटली की अवयव गेले. मेलेल्या माणसानं हो म्हटलं होतं की नाही, हा प्रश्न तिथं येतच नाही. भामरागडच्या किंवा मेळघाटातल्या माणसाचं तर बोलूच नका. होकार गृहीत धरणारा कायदा उद्या सकाळी लागू केला, तरी या साखळीतली एकही खाट वाढत नाही.

स्पेनचं नाव सगळे घेतात. स्पेनचा कायदा 1979 चा आहे आणि कागदावर तो गप्प राहिलेल्याचा होकार धरतो. पण कायदा आल्यावर दहा वर्षं तिथं दाते फारसे वाढले नाहीत. 1989 मध्ये त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी केली. हॉस्पिटलांत, आयसीयूतल्याच डॉक्टरांमधून, समन्वयक नेमले आणि कुटुंबाशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण दिलं. तेव्हा दहा लाखांमागे 14 च्या आसपास दाते होते. तिथून आकडा वर चढला. आणि आजही स्पेनमध्ये प्रत्येक कुटुंबाला विचारतात. कायदा हाताशी असूनही विचारतात, आणि दहातली आठाहून जास्त कुटुंबं हो म्हणतात. त्या देशाकडून घ्यायचं असेल तर ते विचारणं घ्या, असं माझं म्हणणं आहे.

ब्राझीलनं 1997 मध्ये असा कायदा केला. लोकांचा सरकारवर आणि हॉस्पिटलवर विश्वास नव्हता. घाबरून लोक ओळखपत्रावर 'दाता नाही' असं छापून घ्यायला लागले. 1998 मध्येच तो कायदा मागं घ्यावा लागला. इंग्लंडनं 2020 मध्ये कायदा बदलला, आणि पुढच्या वर्षांत कुटुंबांच्या होकाराचं प्रमाण वाढायच्या ऐवजी घसरलं. त्याला कोविडसारखी इतरही कारणं आहेत, पण नुसत्या कायद्यानं माणसाचं मन बदलत नाही एवढं तरी दिसतं. वेल्सनं 2013 मध्ये कायदा केला आणि लागू केला डिसेंबर 2015 मध्ये. मधली दोन वर्षं लोकांना माहिती देण्यात घालवली.

आता माझ्या विरोधाचं खरं कारण.

आपल्या भागात शरीर आणि सरकार या दोन गोष्टी एकत्र आल्या की लोकांना काय आठवतं? आणीबाणीतली नसबंदी आठवते. म्हातारी माणसं अजून सांगतात, गाडी आली की पुरुष कसे वावरात लपायचे. 2006 च्या सुमारास अमरावती जिल्ह्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी 'किडनी विक्री केंद्र' असा बोर्ड लावला होता, देशाला आपली अवस्था दिसावी म्हणून. 2015 मध्ये अकोल्यात किडनीचं रॅकेट उघडकीस आलं, त्यात सावकारी कर्जाखाली दबलेली माणसं होती. ज्या प्रदेशात गरिबाच्या किडनीला भाव फुटलेला आहे, तिथं सरकारनं म्हणायचं की तू बोलला नाहीस म्हणून तुझं शरीर दिलेलं समजतो? लोक काय समजतील ते सांगायला नको.

गुंठाभर जमिनीचा फेरफार करायचा झाला तरी तलाठी नोटीस लावतो आणि हरकतीला मुदत देतो. शरीरासाठी एवढंही नको? कोलाम पोडावरच्या माणसाला, माडिया पाड्यावरच्या बाईला नकार कुठं नोंदवायचा हे कोण सांगणार? पोर्टलवर? ज्या पोर्टलवर मीसुद्धा ओटीपीची वाट बघत बसते?

आणि बायका. हे मी बाई म्हणून बोलते. आपल्या घरांत बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ कायम होकार असाच लावला गेलाय. लग्नात, नसबंदीच्या ऑपरेशनात, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. त्यातल्या कितीजणींना कुणी एकटीला बाजूला बसवून विचारलं असेल? म्हणून न बोललेल्याला होकार म्हणणारा कुठलाही कायदा माझ्या गळी उतरत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

आपल्याच कायद्यात एक कलम आहे, पाचवं. हॉस्पिटलात किंवा तुरुंगात मेलेल्या माणसाचा देह 48 तासांत कुणी जवळच्यानं मागितला नाही, तर अवयव काढायची परवानगी तिथला प्रमुख देऊ शकतो. 48 तासांनी किडनी कामाची राहत नाही, त्यामुळे व्यवहारात त्याचा फारसा उपयोग नाही. पण कल बघा. ज्याला कुणी नाही, त्याला विचारायची गरज नाही. होकार गृहीत धरणं आपल्याकडे कुणापासून सुरू होतं, ते इथं दिसतं.

समोरच्या बाजूचं म्हणणं मला कळतं. डायलिसिसवरची माणसं माझ्याच गावांत आहेत. आठवड्यातून दोनदा-तीनदा वर्ध्याची एसटी, त्या दिवसाची मजुरी बुडाली, सोबत येणाऱ्याचीही बुडाली. खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलडाण्याकडं, गावंच्या गावं किडनीच्या आजाराबद्दल बोलतात आणि पाण्याकडं बोट दाखवतात. यादीत नाव लावून बसलेल्याला मी काय सांगू, की थांबा, आधी समाज तयार होऊ दे? त्याच्याकडं तेवढा वेळ नाही. हा माझ्या भूमिकेतला दुखरा भाग आहे, आणि तो मी झाकत नाही. पण त्याला किडनी लवकर मिळायची असेल तर खाटा, डॉक्टर आणि समन्वयक आधी लागतील, हेही मी त्याला सांगेन. जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत मेंदूमृत्यू ओळखला जातो, घरच्यांना शांतपणे आपल्या बोलीत विचारलं जातं, गरिबाचं नाव नागपूरच्या समन्वय केंद्राच्या यादीत लागतं आणि प्रत्यारोपणानंतर जन्मभर लागणारी औषधं त्याला परवडतात, एवढं झालं की मला पुन्हा विचारा. तेव्हा माझं मत वेगळं असू शकेल. आपलं काढायचं आणि मोठ्या शहरातल्या पैसेवाल्याला द्यायचं, ही लोकांची शंका तोवर जाणार नाही.

2011 च्या दुरुस्तीनं डॉक्टरांवर एक जबाबदारी टाकली आहे. आयसीयूतल्या रुग्णानं अवयवदानाचं काही ठरवलं होतं का, हे विचारायचं, आणि नसेल तर घरच्यांना तो पर्याय सांगायचा. म्हणजे विचारायचा कायदा आपल्याकडे आहेच. तोच नीट पाळा, असं माझं सरकारला सांगणं आहे.

आणि आपण? हा प्रश्न नागपूरच्या आयसीयूबाहेर, रात्री दोन वाजता, जीप करून आलेल्या भावाला पहिल्यांदा ऐकू येऊ नये. तो सरपंचाला फोन लावणार, सरपंच म्हणणार नको, आणि विषय संपणार. त्यात त्या भावाची चूक नाही. घरात हे आधी कधी बोललंच गेलं नव्हतं.

गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आपल्या कितीतरी गावांत आजही होते. प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोला. बचत गटाच्या बैठकीत बोला. "डोळे दिले तं पुढच्या जन्मी आंधळा येईन" असं कुणी म्हणालं तर हसू नका. त्या माणसाला त्याच्या गेलेल्या माणसाची काळजी आहे. सुरुवात डोळ्यांपासून करा, कारण त्याला आयसीयू लागत नाही, गावातच होतं. नेत्रपेढीचा नंबर आशाताईकडून घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. माणूस गेला की पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओली पट्टी ठेवायची, डोक्याखाली उशी द्यायची आणि लगेच फोन करायचा.

स्वतःचा संकल्प आधार नंबर टाकून राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेच्या वेबसाइटवर नोंदवता येतो. नोंदवलात की त्याच संध्याकाळी घरी सांगा, कारण शेवटी विचारणार त्यांनाच आहेत. नको असेल तर तेही सांगा. ज्याला द्यायचं नाही त्याला कुणी कमी लेखू नये.

3 ऑगस्टला अवयवदान दिन असतो, 15 ऑगस्टला ग्रामसभा. या वर्षी माझ्या गटातल्या गावांत मी ग्रामसभेपुढे दोन मागण्या ठेवणार आहे. वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात मेंदूमृत्यू तपासणीची सोय आणि पूर्ण वेळ समन्वयक द्या. आणि संमतीचा कायदा कधी बदलायचा झालाच, तर आधी ग्रामसभांना विचारा. ठरावाचा मसुदा व्हिडिओखाली दिलाय. गावाचं नाव आणि तारीख टाकून ग्रामसेवकाकडं आधीच लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल.