निबंध रिपॉझिटरीत आहे, पण सापडतो का?

(महाविद्यालयीन प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्यासमोर जळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

यावल-रावेर पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने मोबाइलवर 'केळी करपा रावेर' असं मराठीत टाइप केलं, तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांनी या विषयावर केलेल्या कामातलं तिला काय सापडेल? महाविद्यालयाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे निबंध-अहवाल जपून लोकांना वाचायला देणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, पीडीएफ चढवली की काम खुलं झालं, असं आपण धरून चालतो. पण ते खुलं होण्यासाठी आधी सापडावं लागतं, मग उघडावं लागतं, आणि वाचणाऱ्याने त्याचं पुढे काय करायचं हेही त्यावर लिहिलेलं असावं लागतं.

पीएचडीच्या प्रबंधांची सोय आहे. यूजीसीच्या नियमांप्रमाणे ते विद्यापीठामार्फत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात जातात. एम.ए., एम.एस्सी.चे लघुप्रबंध, चर्चासत्रातले निबंध, लघुसंशोधन प्रकल्पांचे अहवाल, वार्षिकांकातले लेख यांना मात्र महाविद्यालयाची रिपॉझिटरी सोडली तर दुसरं घर नाही. कपाशीच्या शेतातली निरीक्षणं, प्रकाशा आणि सावळद्याच्या पुरातत्त्वावरची टिपणं, अहिराणीचे शब्दसंग्रह हे सगळं बरेचदा याच प्रकारांत लिहिलं जातं.

फाइल हातात आली की पहिला प्रश्न आवृत्तीचा. एका लेखाच्या तीन आवृत्त्या असतात: नियतकालिकाला पाठवलेली, परीक्षकांच्या सूचना घालून स्वीकारली गेलेली, आणि प्रकाशकाने मांडून छापलेली. बरेच प्रकाशक तिसरी ठेवू देत नाहीत. दुसरी देतात, तीही पुष्कळदा ६ ते २४ महिन्यांनी. म्हणून स्वीकृतीचा ईमेल आला त्याच दिवशी ती वर्ड फाइल ग्रंथालयात द्या. दोन वर्षांनी ती कुणाच्याच संगणकावर सापडत नाही. डीस्पेस या रिपॉझिटरी चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल खुली होण्याची तारीख घालता येते. शीर्षक आणि सारांश आजपासून दिसतात, फाइल त्या तारखेला आपोआप उघडते. मोठ्या नियतकालिकांचं धोरण ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर, म्हणजे पूर्वीच्या शेर्पा रोमिओवर, पाहता येतं. आपल्याकडच्या छोट्या मराठी नियतकालिकांसाठी संपादकांना पत्र लिहून परवानगी घ्यावी, आणि ते पत्र जपावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे लेखकाच्या बाजूने आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. जुने करार काढून वाचा, त्यातून बरेच लेख मोकळे होतील.

आता फॉन्ट. मराठीचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून यावर जरा थांबतो. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख पडद्यावर आणि कागदावर नीट दिसतो. पण संगणकाच्या लेखी तिथे 'केळी' नसते. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. शोधयंत्राला ती चिन्हंच दिसतात, म्हणून 'केळी' शोधणाऱ्याला हा लेख कधीच मिळत नाही. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. कचरा उमटला तर फाइल परत करा आणि मूळ वर्ड फाइल मागा.

मूळ फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणता येते, पण त्यानंतर माणसाने वाचायलाच हवी. लेखातले इंग्रजी शब्द, वनस्पतींची शास्त्रीय नावं, कोष्टकातली एककं हे सगळं कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो आणि त्यांची वाट लागते. त्यांना आधी वेगळा रंग देऊन बाजूला ठेवावं. रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' हमखास तपासावेत. 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा खास 'ऱ' वापरून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्याला फरक दिसत नाही. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲ'चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर, दुसरं 'अ'वर चंद्र. महाविद्यालयाने एक रीत ठरवावी आणि निदान शीर्षक, सारांश, विषयशब्द यांत ती पाळावी.

जुने अंक स्कॅन करताना ३०० डीपीआय हे किमान. बारीक टाइप किंवा पिवळा पडलेला कागद असेल तर ४००. नुसतं स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. त्यावर ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, मागे अक्षरांचा थर द्यावा लागतो. टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याला मराठी येते, पण भाषा सांगावी लागते. न सांगितल्यास तो इंग्रजी धरतो आणि देवनागरी पानाचं इंग्रजी कडबोळं करून ठेवतो. गूगल स्कॉलर या संशोधनलेखांच्या शोधयंत्रासाठी प्रत्येक निबंधाची वेगळी फाइल हवी, ५ एमबीच्या आत, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात शीर्षक आणि त्याखाली लेखकाचं नाव. आख्खा अंक एकाच पीडीएफमध्ये टाकला की त्यातले २० लेखक हरवले म्हणून समजा.

नोंद भरताना आपल्याकडची अडचण नावांची. पाटील, चौधरी, महाजन घरोघरी, आणि 'चौधरी'चं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो घ्या आणि नोंदीत घाला. शीर्षक आणि सारांश मराठी व इंग्रजी दोन्हींत द्या. डीस्पेसच्या तयार यादीत भाषा म्हणून मराठी सापडली नाही, तर घाईत 'इतर' निवडू नका. नोंदीचा अर्ज डीस्पेसच्या ज्या फाइलमधून बनतो तिच्यात मराठी एकदाच जोडून घ्यावी लागते. अहिराणीलाही स्वतःचा आयएसओ कोड आहे, 'एएचआर'. अहिराणी मजकुराची नोंद मराठी म्हणून करू नये.

एक तांत्रिक चूक फार ठिकाणी दिसते. डीस्पेस बसवल्यावर कायमच्या पत्त्यात १२३४५६७८९ हा नमुन्याचा आकडा येतो. हँडल या कायमचे पत्ते देणाऱ्या व्यवस्थेकडे नोंदणी करून आपला आकडा घेतला नाही, तर तो पत्ता 'कायमचा' राहत नाही. सर्व्हर बदलला की निबंधांच्या संदर्भसूचींत छापलेले सगळे दुवे मरतात. त्यामुळे पहिली नोंद करण्याआधी हा आकडा बदला.

वाचणाऱ्याने निबंधाचं पुढे काय करायचं हे सांगणारा परवाना लेखकाने निवडायचा, ग्रंथपालाने नाही. माझं मत विचाराल तर साधा सीसी बाय, म्हणजे लेखकाचं नाव देऊन निबंध हवा तसा वापरू देणारा परवाना, चांगला. 'बदल नको' असा परवाना घातला की भाषांतरही अडतं, आणि इंग्रजी निबंध मराठीत, मराठी निबंध इंग्रजीत जाणं ही तर आपली गरज आहे. कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी, पावरा आणि भिल्ल समाजांतल्या कथा यांची गोष्ट वेगळी. त्या विद्यार्थ्याने लिहून घेतल्या असल्या तरी त्याच्या मालकीच्या होत नाहीत. गाणारीला ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार हे तिच्या भाषेत सांगून संमती घ्या. तिचं नाव यावं की नाही, हेही तीच ठरवील. सर्वेक्षणाच्या परिशिष्टात मोबाइल क्रमांक, सह्या, गट क्रमांक राहतात; फाइल चढवण्याआधी ते काढा. त्यावर काळी पट्टी ओढणं पुरेसं नाही, कारण पट्टीखालची अक्षरं कॉपी करता येतात. मूळ फाइलमधून पुसून नवी पीडीएफ करा.

शेवटी बॅकअप. डीस्पेसमध्ये फाइली असेटस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये लांबलचक आकड्यांच्या नावाने पडलेल्या असतात. कोणती फाइल कोणत्या निबंधाची हे डेटाबेसला ठाऊक असतं. दोन्हींपैकी एकच जपलं तर उरतात निनावी फाइली, नाहीतर फाइली नसलेल्या नोंदी. दोन्ही एकाच रात्री उतरवा, एक प्रत महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर ती प्रत उभी करून दहा निबंध प्रत्यक्ष उघडून पाहा.